एका शोधनिबंधाचे सर

कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाच्या गच्चीवर सर कोल्ह्यांची विष्ठा वाळत घालायचे. जुन्या वर्तमानपत्रांवर ओळीने मांडलेले काळपट तुकडे, प्रत्येकाखाली पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आणि कागद उडू नयेत म्हणून कडेने ठेवलेले गंगेतले, म्हणजे आमच्या नाशकातल्या गोदावरीतले, गोटे. बहात्तरच्या दुष्काळानंतर मी तिथे लेक्चरर म्हणून रुजू झाले. पहिल्या दिवशी शिपायाने मला प्रयोगशाळा दाखवली, संग्रहालयातलं पेंढा भरलेलं मगरीचं पिल्लू दाखवलं आणि गच्चीच्या जिन्यापाशी थांबून तो म्हणाला, "वर नका जाऊ बाई. वर सरांचं वाळवण आहे."

शेजारच्या भौतिकशास्त्र विभागाने या वाळवणाबद्दल लेखी तक्रार केली होती. पूर्ण वाळलेल्या विष्ठेला वास राहत नाही, असं सरांचं म्हणणं होतं. ते पटवण्यासाठी त्यांनी एक तुकडा कागदावर घेऊन भौतिकशास्त्राच्या विभागप्रमुखांच्या टेबलापर्यंत नेला होता. त्यानंतर तक्रार आली नाही. भौतिकशास्त्राचे लोक आपल्या बाजूच्या खिडक्या लावून घेऊ लागले.

सर माझ्यापेक्षा बरेच मोठे. उंच, मानेत किंचित वाकलेले. गंगापूर रोडवरून सायकलने यायचे. पँट चेनमध्ये अडकू नये म्हणून उजव्या पायाला लोखंडी क्लिप लावायचे आणि मग ती काढायचं विसरायचे. दिवसभराची लेक्चरं, प्रॅक्टिकलं, प्राचार्यांबरोबरची बैठक, सगळं त्या क्लिपसकट. एक पाय घोट्यापाशी आवळलेला आणि दुसरा मोकळा, अशा अवतारात ते अमीबापासून माणसापर्यंतची उत्क्रांती शिकवायचे.

शिकवताना त्यांची एक अडचण होती. जे स्वतः पाहिलं नाही ते त्यांना ठामपणे सांगता यायचं नाही. बेडकावर, गांडुळावर, झुरळावर ते तास तास बोलत. पण सस्तन प्राण्यांचा धडा आला की म्हणत, "देवमाशाबद्दल पुस्तकात असं दिलेलं आहे. मी देवमासा पाहिलेला नाही." मुलांची पंचाईत व्हायची. परीक्षेत नक्की काय लिहायचं ते त्यांना कळायचं नाही. मुलांच्या जर्नलमध्ये "यावरून असे सिद्ध होते की" हे वाक्य आलं की सर त्याखाली हिरव्या शाईने रेघ मारत आणि समासात लिहीत, "तुम्ही पाहिलंत, की तुम्हाला वाटलं?"

स्टाफरूममध्येही तेच. कोणी म्हणालं, "काल रविवार कारंजा चौकात काय गर्दी होती!" की सर कपावरून डोळे वर करून विचारत, "तुम्ही गेला होतात?" तो गृहस्थ "नाही, शेजारी सांगत होते," म्हणाला की सर पुन्हा चहाकडे वळत. त्यात टोमणा नसे. त्यांना तेवढी माहिती हवी असे. पण त्यांच्याशेजारची खुर्ची बहुधा रिकामी राहायची. नवी असल्यामुळे मी तिथे बसू लागले, आणि पुढे तीच माझी जागा झाली.

जुने सहकारी सांगत की सर पूर्वी असे नव्हते. तरुणपणी भराभर बोलायचे, पैजा लावायचे, कुठल्याही विषयावर मत द्यायचे. मग त्यांचा तो शोधनिबंध आला.

निबंध कोल्ह्यांच्या आहारावर होता. त्या काळात पिंपळगाव, निफाड, दिंडोरी या बाजूला द्राक्षबागा वाढत होत्या. वेली तेव्हा तारांवर चढवलेल्या असत आणि घड कमरेच्या उंचीवर लोंबत. सकाळी बागेत गेलं की काही घड ओरबाडलेले दिसत. कोल्हे येतात, असं शेतकरी म्हणत. सरांनी दोन हंगाम बागांच्या आसपासची कोल्ह्यांची विष्ठा गोळा केली, वाळवली, फोडली, भिंगाखाली तपासली. तिच्यात द्राक्षाच्या बिया आणि साली भरपूर निघाल्या. सरांनी ते सगळं नीट मांडलं आणि शेवटच्या परिच्छेदात लिहिलं, की कोल्हा हा द्राक्षपिकाचं लक्षणीय नुकसान करणारा प्राणी आहे.

निबंध परदेशातल्या एका नियतकालिकाने छापला. आमच्या कॉलेजात असं आधी घडलं नव्हतं. स्नेहसंमेलनात प्राचार्यांनी त्याचं इंग्रजी शीर्षक वाचून दाखवलं. कोल्हा आणि द्राक्षं म्हटल्यावर जे विनोद होतात ते सगळे स्टाफरूममध्ये झाले, आणि तेच विनोद मी आल्यावर माझ्यासाठी पुन्हा करण्यात आले. बागांमधल्या कोल्ह्यांवर तोपर्यंत फारसं कोणी लिहिलेलं नसावं, कारण निबंधाची प्रत मागणारी पोस्टकार्डं देशोदेशींहून येऊ लागली. शिपाई त्यांवरची तिकिटं सोडवून घ्यायचा. ज्याला हल्ली सायटेशन म्हणतात, ते संदर्भ इतरांच्या लेखांत दिसू लागले. रुबाबदार तपकिरी लिफाफ्यांतून आलेल्या दुसऱ्यांच्या निबंधांत शेवटच्या पानावर सरांचं आडनाव आणि कंसात साल. स्पेलिंग कधी चुकलेलं, पण आडनाव सरांचंच.

पुढचं मला सरांनीच सांगितलं. एकदाच सांगितलं, प्रयोगशाळेत ट्रे धुता धुता, माझ्याकडे न बघता.

द्राक्षबागायतदारांसाठी कोणीतरी मराठीत एक पत्रिका छापली होती. तिच्यात लिहिलं होतं, की नाशिकच्या एका प्राध्यापकांनी शास्त्रीय प्रयोगांनी सिद्ध केलं आहे की द्राक्षांचा खरा शत्रू कोल्हा आहे. त्याखाली मटणाच्या तुकड्यांत विष कसं भरायचं आणि ते बांधावर कुठे ठेवायचं, याची माहिती होती. ती पत्रिका कोणीतरी सरांना आणून दिली तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं. हेही त्यांनी सांगितलं, वगळलं नाही. मग एका सकाळी ते नमुने गोळा करायला नेहमीच्या ओहोळावर गेले. तिथे काठावर एक कोल्हीण मरून पडली होती, आणि बिळाच्या तोंडाशी मेलेली पिल्लं. पिल्लांनी विष खाल्लं नव्हतं. ती नुसती तिची वाट बघत राहिली होती.

"मी तिथे बसलो," सर म्हणाले. "आणि पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की मी आजवर एकाही कोल्ह्याला घड तोडताना पाहिलेलं नाही."

मी विचारलं, "पण बिया तर होत्या ना, सर?"

"बिया होत्या. बिया पोटात गेल्या एवढंच बियांवरून कळतं. कुठून गेल्या ते मला वाटलं होतं."

त्यानंतरचा सबंध हंगाम ते पहाटे आणि संध्याकाळी बागांच्या कडेला बसून राहिले. निफाडची थंडी, अंगावर वहिनींच्या, म्हणजे सरांच्या पत्नीच्या, माहेरचं घोंगडं. त्यांना दिसलं ते असं. कोल्हा बागेत शिरतो. ओळींमधून खाली मान घालून चालतो. गळून पडलेले मणी खातो, उंदरांच्या मागे जमीन उकरतो आणि मग ओहोळाच्या काठी जिथे बागवाले फुटके, किडके घड टाकतात, त्या ढिगावर जाऊन पोट भरतो. वेलीवरचे घड टोकरत होते ते पक्षी, आणि खालचे उंदीर. कोल्हा मान वर करून बघतही नव्हता.

सरांनी त्या नियतकालिकाला पत्र लिहिलं. उत्तर यायला फार वेळ लागला. अखेर एका अंकाच्या मागच्या बाजूला, वर्गणीच्या सूचनेखाली, बारीक टायपात चार ओळींची दुरुस्ती छापून आली. अमुक निबंधाचा शेवटचा निष्कर्ष प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेला नसल्याने लेखक तो मागे घेत आहे. सरांना वाटलं, संपलं.

ते संपलं नाही. निबंधाचे संदर्भ येतच राहिले. दुरुस्ती कोणी वाचली नव्हती.

दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत सर सकाळच्या गाडीने मुंबईला जात. तिथल्या एका मोठ्या ग्रंथालयात जाडजूड खंड येत. कोणाच्या निबंधाचा संदर्भ कोणी दिला, याच्या त्यात याद्या असत. अक्षर मुंगीएवढं. सर कशासाठी जातात हे स्टाफरूमला कळल्यावर आमचे तेव्हाचे हेड म्हणाले, "स्वतःचं नाव वाचायला माणूस मुंबईला जातो! आरशात बघावं, पैसे तरी वाचतील." आम्ही हसलो. सर तिथे नव्हते.

माझं माहेर मुंबईचं. एका दिवाळीत मी त्या ग्रंथालयात गेले, तर सर खिडकीजवळच्या टेबलाशी भिंग घेऊन बसलेले. पायाला क्लिप. सायकल नाशकात असताना क्लिप मुंबईपर्यंत आली होती.

काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी विचारलं, "किती जणांनी संदर्भ दिलाय सर, आत्तापर्यंत?"

"वाढलेत," सर म्हणाले. आजाऱ्याचा ताप वाढलाय म्हणावं तसं म्हणाले.

मग त्यांनी पिशवीतून एक गठ्ठा काढून दाखवला. छापील पोस्टकार्डं होती. नाशकात लग्नपत्रिका छापणाऱ्या एका छापखान्यातून त्यांनी ती इंग्रजीत छापून घेतली होती, त्यामुळे चारी कोपऱ्यांत वेलबुट्टी होती. मजकुराचा अर्थ असा, की महोदय, आपण माझ्या निबंधाचा आधार घेतलात याबद्दल मी आभारी आहे. निबंधाचा निष्कर्ष चुकीचा असल्याने तो आधार आपण यापुढे घेऊ नये, ही विनंती. खाली सही. खंडात आपलं नाव दिसलं की सर तो लेख शोधत, लेखकाचा पत्ता उतरवून घेत आणि त्याला कार्ड टाकत.

"उत्तरं येतात?" मी विचारलं.

"क्वचित. एकाने मागे घेतलेल्या निबंधाचीच प्रत मागितली."

"पाठवलीत?"

"पाठवली. शेवटच्या परिच्छेदावर फुली मारून."

नाशकात परतल्यावर मी हे स्टाफरूममध्ये सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. काहींना ते आधीच्यापेक्षाही विनोदी वाटलं.

हेड निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागेसाठी मुलाखती झाल्या. ज्येष्ठतेने जागा सरांची होती. दुसरे उमेदवार आमच्याच विभागातले होते. गोड्या पाण्यातल्या माशांच्या आतड्यांत राहणाऱ्या कृमींवर ते काम करायचे. माशाची प्रत्येक जात, तिच्यातला प्रत्येक कृमी आणि प्रत्येक कृमीचा एक निबंध, असा त्यांचा हिशेब होता. एका कृमीला त्यांनी कॉलेजचं नाव दिलं होतं, एकाला प्राचार्यांचं. प्राचार्यांनी ते आनंदाने स्वीकारलं होतं. माणूस वाईट नव्हता, मेहनती होता. त्यांच्या निबंधांची थप्पी दोन हातांनी उचलावी लागे.

सरांकडे एक निबंध होता. पण तो परदेशी छापलेला होता आणि त्याचा संदर्भ अनेकांनी दिलेला होता. समितीवर बाहेरून आलेल्या तज्ज्ञांना तो ठाऊक होता. त्यामुळे जागा सरांनाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. वहिनींनी त्यांच्यासाठी नवा कोट शिवून घेतला होता. मुलाखतीच्या दिवशी मी स्वतः त्यांना आठवण करून पायाची क्लिप काढायला लावली.

आत काय झालं ते मला सरांनी सांगितलं नाही. त्या तज्ज्ञांनी मला पुढे एका परिसंवादात जेवणाच्या रांगेत सांगितलं. ते सरांना म्हणाले होते, "आपला कोल्ह्यांवरचा निबंध आम्ही आमच्याकडे विद्यार्थ्यांना शिकवतो."

सर म्हणाले, "शिकवू नका."

समितीला वाटलं, विनय आहे. कोणीतरी हसलं.

"त्याचा निष्कर्ष चुकीचा आहे," सर म्हणाले.

अध्यक्षांनी सावरायचा प्रयत्न केला. "म्हणजे त्या विषयात अजून संशोधनाला वाव आहे, असं म्हणायचंय ना आपल्याला?"

"नाही. चुकीचा आहे असं म्हणायचंय."

"बरं, मग तो बाजूला ठेवू. आपलं बाकीचं प्रकाशित लेखन?"

"बाकी त्याची दुरुस्ती आहे."

तज्ज्ञ मला म्हणाले, "आम्ही त्यांना वाचवायला दोर टाकत होतो आणि ते प्रत्येक दोर तपासून परत देत होते." ताटात भात वाढून घेत ते पुढे म्हणाले, "निबंध मी अजूनही शिकवतो. पण आता दोन तास घेतो. दुसऱ्या तासाला त्यांची दुरुस्ती."

जागा कृमींच्या सरांना मिळाली. हेड झाल्यावर त्यांनी गच्चीची परवानगी चालू ठेवली, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

निकाल लागला त्या संध्याकाळी मी सरांच्या घरी गेले. सर अंगणात सायकलला तेल देत होते. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. नमुन्यांसाठीच्या कापडी पिशव्या वर्षानुवर्षं त्याच शिवून देत आल्या होत्या. चहाचं आधण ठेवून त्या माझ्याशी बोलू लागल्या, पण आवाज अंगणात जाईल असा ठेवून.

"खोटं बोला असं मी कधी म्हटलं नाही. मला तसलं चालतही नाही. पण माणसाला गप्प बसता येतं ना? त्यांनी विचारलं होतं का, की निबंध बरोबर आहे का चूक? नव्हतं विचारलं. त्यांनी कौतुक केलं होतं. कौतुक केल्यावर माणूस आभार मानतो."

अंगणातून सर म्हणाले, "ते शिकवतो म्हणाले. मुलांना शिकवतो म्हणाले."

"शिकवू द्यायचं की! त्यांची मुलं, त्यांचं ते बघतील."

सायकलचं मागचं चाक सरांनी हाताने फिरवलं आणि ते थांबेपर्यंत बघत राहिले. वहिनींनी तीन कप भरले. सगळ्यात आधी कप त्यांनाच नेऊन दिला. मग आत येऊन डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "साखर बघा हो, पडलीये का."

तो कोट नंतर मी पुन्हा पाहिला नाही.

कार्डं टाकायचं काम चालूच राहिलं. पण सरांच्या लक्षात आलं होतं, की पत्रिका वाचून विष घालणाऱ्यांना कार्ड टाकून उपयोग नाही. त्यांच्याकडे स्वतः जावं लागेल. म्हणून रविवारी ते बागांमध्ये जाऊ लागले. एसटीच्या टपावर सायकल टाकायची, पिंपळगावला उतरायचं आणि तिथून बांधाबांधाने हिंडायचं. एकदा मीही गेले. दगूनाना नावाच्या बागायतदारांच्या विहिरीपाशी आम्ही थांबलो. दगूनाना पन्नाशीचे, पांढरी टोपी, बोलणं सावकाश. त्यांच्या बांधावर विष असतं, हे सरांना ठाऊक होतं.

सर एकदम विषयावर आले. "विष घालू नका. कोल्हा तुमची वेलीवरची द्राक्षं खात नाही. खाली पडलेली खातो. तुमचे उंदीर खातो."

"कोन म्हंतं?"

"मी पाहिलंय. सबंध हंगाम बसून पाहिलंय."

नानांनी सरांकडे नीट बघितलं. "राग मानू नका सर. पन नाशकातल्या एका मोठ्या प्रोफेसरनं हे इंग्रजीत लिवलंय. परदेशात छापून आलंय. आमच्या पत्रिकेत दिलंय तसं. आन तुम्ही एकटे सायकलवर येता, म्हंता नाय खात. मी कुनाचं खरं मानू?"

"तो प्रोफेसर मीच."

नानांची नजर सरांच्या पायाच्या क्लिपवर गेली, मग माझ्याकडे वळली. "खरं का, बाई?"

"खरं आहे," मी म्हटलं.

नाना म्हणाले, "म्हंजे तवा खोटं लिवलं व्हतं?"

"खोटं नाही. चूक."

"मग आता सांगता ते चूक नाय, हे कशावरून?"

मला वाटलं, झालं, आता निघायला हवं. पण सरांचा चेहरा उजळला होता. इतका खूश झालेला त्यांचा चेहरा मी कॉलेजात कधी पाहिला नव्हता. ते विहिरीच्या कठड्यावर बसले आणि म्हणाले, "हाच प्रश्न आहे. मला हे आजवर कोणी विचारलंच नाही. तुम्ही माझ्याबरोबर बसा. पहाटे. मी सांगतो म्हणून मानू नका."

"मला येळ कुठंय? हंगामाचे दिस." नानांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "असं करा. तुम्ही बसा. पायजे तेवढं बसा, बाग तुमचीच हाय. या हंगामात मी काय घालत नाय. घड लय गेले तर मात्र पुढल्या साली घालीन, तवा पुन्हा येऊन सांगू नका."

हंगाम संपला. घड दर वर्षी जायचे तेवढेच गेले. कोल्हे वाढले तसे उंदीर कमी झाले, असं नाना पुढे लोकांना सांगत. सरांनी त्यांना अडवलं, ते मोजलेलं नाही म्हणून. पण नाना सांगत राहिले, आणि शेजारच्या बागवाल्यांनी सरांपेक्षा नानांचं ऐकलं. हळूहळू त्या ओहोळाच्या दोन्ही बाजूंनी विष घालणं बंद झालं. बाकी तालुक्यात चालू होतं.

सर लेक्चरर म्हणूनच निवृत्त झाले. निरोप समारंभात नव्या प्राचार्यांनी भाषण केलं. ते बाहेरगावहून आलेले होते आणि त्यांनी कागदपत्रं वाचून तयारी केली होती. सरांनी कोल्ह्याच्या उपद्रवाविषयी जगप्रसिद्ध संशोधन केल्याचं त्यांनी सांगितलं. आम्ही सगळे सरांकडे बघत होतो. उत्तर द्यायला सर उठले, सगळ्यांचे आभार मानले, गच्चीवरचं वाळवण सहन केल्याबद्दल भौतिकशास्त्र विभागाचे विशेष आभार मानले, आणि प्राचार्यांना म्हणाले, की त्या निबंधाच्या दोन दुरुस्त्या आहेत, त्या आपल्या वाचनात आलेल्या नसाव्यात, उद्या आणून देतो. दुसऱ्या दिवशी निवृत्त माणूस सायकलवर आला आणि खरंच देऊन गेला.

दुसरी दुरुस्ती त्याआधीच्या वर्षातली. तिचं कारण घडलं तेव्हा मी तिथे होते.

फेब्रुवारीतली पहाट होती. नानांच्या बागेच्या जुन्या कोपऱ्यात आम्ही बांधाआड बसलो होतो. बागेत बहुतेक ठिकाणी आता डोक्यावरून मांडव झाले होते आणि घड उंच लोंबत होते. तेवढ्या एका कोपऱ्यात जुन्या खालच्या तारा राहिल्या होत्या. फटफटलं तेव्हा ओहोळाकडून एक कोल्हीण आली. नेहमीसारखी खाली मान घालून ओळीतून चालत गेली. दोन-चार मणी उचलले. मग थांबली, मागच्या पायांवर उभी राहिली, पुढचे पाय खालच्या तारेवर टेकले, मान लांब केली आणि वेलीवरचा एक घड दातांत धरून ओढून काढला. अर्धे मणी मातीत पडले. उरलेला घड तिने तिथेच उभ्याने खाल्ला. खाली पडलेले वेचले आणि ती ओहोळाकडे निघून गेली.

सर हलले नाहीत. दुर्बीण तशीच डोळ्यांना. मी त्यांच्याकडे बघत होते. एवढी वर्षं, तो कोट, ती कार्डं, आणि हे.

"कोल्हीण होती," सर हळू आवाजात म्हणाले. "दूध पाजणारी."

मी म्हटलं, "सर, एकदाच तर झालं. हे कोणाला सांगायलाच हवं का? पुन्हा विष घालतील."

दुर्बिणीची पट्टी सरांनी बोटाभोवती गुंडाळली आणि सोडली, पुन्हा गुंडाळली. मग उठताना म्हणाले, "आधी नानांना सांगू. बाग त्यांची आहे."

पंपाच्या खोलीबाहेर नाना खोकी भरत होते. दोन बायका घडांतले खराब मणी कात्रीने काढून त्यांच्याकडे देत होत्या. सरांनी काही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, तारेवर पाय कसे टेकले तेसुद्धा. बायकांच्या कात्र्या थांबल्या. मला तिथे उभं राहवेना.

नानांनी विचारलं, "किती खाल्ले?"

"एक घड. अर्धा सांडला."

"त्या कोपऱ्यात?"

"हो. तिथल्या तारा खाली आहेत."

"त्या तारा ह्या साली काढायच्याच हायेत. समदीकडं मांडव करतोय. मग कुठनं पोचतीय ती?" नानांनी हातातलं खोकं खाली ठेवलं. "लिवनार का तुम्ही हे?"

"लिहावं लागेल. किती घड, कुठली तार, सगळं लिहीन. मांडवापर्यंत पोचत नाही, तेही लिहीन. पण ते मी अजून पाहिलेलं नाही. ते पाहायला पुन्हा यावं लागेल."

"या की," नाना म्हणाले. "म्हंजे तुमचं पयलं लिवनं बरोबरच व्हतं म्हना."

सरांनी विचार केला. "एका घडापुरतं," ते म्हणाले.

नाना हसले. त्यांनी खोक्यात ठेवायला घेतलेला एक घड सरांच्या हातात दिला. सरांनी तो उलटसुलट करून बघितला आणि तिथेच उभ्याने एकेक मणी तोडून खाऊ लागले. इतकी वर्षं ते त्या बागांमध्ये हिंडत होते, पण मी त्यांना द्राक्षं खाताना पहिल्यांदाच पाहत होते. घड संपला तेव्हा त्यांनी नानांना विचारलं, आणखी एक मिळेल का, वहिनींसाठी.